क्षणाची प्रसिद्धी आणि कोशातली नोंद

१६ जुलै २००९ रोजी चीनमधल्या ‘बायदू टिएबा’ या चर्चामंचावर, एका संगणकीय खेळाच्या चाहत्यांच्या दालनात, कुणीतरी एकच ओळ टाकली. जिया जुनपंग नावाच्या मुलाला त्याची आई जेवायला घरी बोलावते आहे, एवढाच तिचा अर्थ. खाली काही मजकूर नव्हता. काही तासांत हजारो लोकांनी त्या ओळीखाली उत्तरे लिहिली. कुणी जियाची आई झाले, कुणी बाप, कुणी आजोबा. जिया जुनपंग हा माणूस मात्र कुठे सापडला नाही. त्याच महिन्यात फूजियान प्रांतात एका ब्लॉगलेखकाला पोलिसांनी पकडले, तेव्हा लोकांनी त्याचे नाव त्याच वाक्यात घालून पोलीस ठाण्यावर पोस्टकार्डे पाठवली: तुझी आई तुला जेवायला घरी बोलावते आहे. पुढे त्याची सुटका झाली. थोड्या दिवसांनी एका जनसंपर्क कंपनीने पुढे येऊन दावा केला की हा सगळा गाजावाजा आपणच पगारी माणसे बसवून घडवून आणला होता. काही आठवड्यांच्या आत एक ओळ थट्टा झाली, निषेध झाली आणि धंद्याचा दावाही झाली. त्यानंतर लोक दुसऱ्या ओळीकडे वळले. अशा ओळीला ज्ञानकोशात नोंद द्यावी का, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. पुढील पानांत चीनमधल्या आणि आपल्याकडच्या अशा काही घटनांच्या नोंदी एकत्र दिल्या आहेत. त्या का दिल्या, कोणत्या कसोटीवर निवडल्या आणि कोणत्या मुद्दाम गाळल्या, हे आधी सांगणे वाचकाच्या हक्काचे आहे.

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये बसून चीनच्या इंटरनेटवरील प्रसिद्धीचा विचार कशासाठी, असे कुणी विचारील. पण हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. बाइटडान्स या चिनी कंपनीचे टिकटॉक हे ॲप काही वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जितके पोहोचले, तितके कोणतेही मराठी नियतकालिक पोहोचले नव्हते. भारतात त्याचे वापरकर्ते सुमारे २० कोटी असल्याचे सांगितले जाई. ज्यांना नाटक मंडळी, आकाशवाणी, दूरदर्शन किंवा पुण्या-मुंबईचे चित्रपट निर्माते कधी दारात उभे करत नव्हते, अशा मुलामुलींना त्या पडद्यावर जागा मिळाली. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण तिथूनच लोकांना माहीत झाला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि टिकटॉक त्यात होते. एका रात्रीत तो पडदा उतरला. सूरज चव्हाण त्यातून तरून गेला. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा विजेता ठरला, पुढच्या वर्षी केदार शिंदे यांच्या चित्रपटात नायक झाला, आणि आता त्याच्या नोंदीविषयी कुणी वाद घालणार नाही. पण त्याच्याबरोबर त्या पडद्यावर आलेले शेकडो जण आपल्या ध्वनिचित्रफितींसह दिसेनासे झाले. मराठी बोलींचा, ग्रामीण विनोदाचा, शेतातल्या आणि घरातल्या रोजच्या जगण्याचा त्या काळातला एवढा मोठा साठा दुसरा नव्हता. त्याची यादी कुणी केली नाही, वर्णन कुणी लिहिले नाही. चीनमधला प्रश्न आणि आपला प्रश्न असा एकाच यंत्रणेतून निघाला आहे, आणि म्हणून तो एकत्र मांडला आहे.

क्षणिक प्रसिद्धीला कोशात थारा नको, असे मानणाऱ्यांची बाजू हलकी नाही. मराठी कोशपरंपरा निवडीच्या शिस्तीवर उभी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी १९३२ ते १९४६ या काळात प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश दिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसाव्या खंडाचा उत्तरार्ध २०१५ मध्ये. अकारापासून ज्ञकारापर्यंत पोहोचायला जिथे जवळपास चाळीस वर्षे लागतात, तिथे एका आठवड्याच्या गाजावाजाला जागा कशी मिळणार? कागद महाग, पाने मोजकी, नोंद लिहू शकणारे जाणकार त्याहून मोजके. एक नोंद घेणे म्हणजे दुसरी सोडणे. त्या टंचाईतून जी पारख घडली, तिने मराठी वाचकाला एक खात्री दिली: कोशात आहे म्हणजे कुणीतरी तपासून, तोलून घेतलेले आहे. ही खात्री गमावून दहा हजार रीलस्टारांची नावे भरली, तर तो कोश राहणार नाही. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीपेक्षा त्याची किंमत अधिक नसेल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि पुढचे सगळे विवेचन तो मान्य करूनच केलेले आहे.

मात्र कागदाची टंचाई आणि ज्ञानाची कसोटी या दोन गोष्टी इतकी वर्षे जोडीने वावरल्या की त्या एकच वाटू लागल्या. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात आज नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत आणि जागेअभावी एकही लेख अडत नाही. टंचाई संपल्यावर उरते ती फक्त कसोटी, आणि ती नव्याने शब्दांत मांडावी लागते. विकिपीडियाने ती उल्लेखनीयतेच्या नियमांत मांडली आहे. विषयाशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली असावी, हा मुख्य नियम. एकदा उल्लेखनीय ठरलेला विषय लोक विसरले म्हणून अनुल्लेखनीय होत नाही, हा दुसरा. आणि एकाच घटनेमुळे माहीत झालेल्या माणसावर शक्यतो स्वतंत्र लेख नसावा, घटनेवर असावा, हा तिसरा. तीनही नियम एकत्र वाचले की दिसते, प्रसिद्धी किती दिवस टिकली हे त्यांत कुठेच मोजलेले नाही. किती लोकांनी पाहिले हेही मोजलेले नाही. दुसरी गोष्ट तर फारच शहाणपणाची आहे. पाहणाऱ्यांचा आकडा विकत मिळतो. चीनमध्ये पैसे घेऊन प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांच्या फौजांना स्वतंत्र नाव पडले, इतका तो व्यवसाय रुळला. आपल्याकडेही निवडणुकीच्या काळात हा धंदा कसा चालतो ते सर्वांना ठाऊक आहे. एक कोटी लोकांनी पाहिले हे नोंदीचे कारण होऊ शकत नाही, तसेच आठ दिवसांत विसरले हे नकाराचे कारण होऊ शकत नाही.

मग कारण काय व्हावे? माझे उत्तर असे आहे की ती प्रसिद्धी ज्या पडद्यावर जन्मली, त्या पडद्याबाहेर तिने काही घडवले का, हे पाहावे. तिने कायदा हलवला, सरकारला बोलते केले, भाषेत शब्द सोडला, एखाद्या गावाचा रोजगार बदलला, एखाद्या माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त केले, तर ती कोशाचा विषय आहे. नुसतीच पाहिली गेली असेल तर नाही.

चीनमधला सर्वांत बोलका पुरावा खुद्द एका कोशातूनच आला. एप्रिल २००६ मध्ये सुरू झालेल्या बायदू बायके या चिनी ज्ञानकोशात २००९ च्या सुरुवातीला काही खोडकरांनी काल्पनिक प्राण्यांच्या खोट्या नोंदी घुसवल्या. त्यातला एक गवत-चिखलातला घोडा. नाव निरुपद्रवी, पण चिनी उच्चारात त्यात घाणेरडी शिवी लपलेली. सरकार त्या दिवसांत अश्लीलतेविरुद्धच्या मोहिमेच्या नावाने संकेतस्थळे बंद करत होते आणि शब्द गाळत होते. त्या गाळणीला चुकवणारा हा प्राणी पाहता पाहता गाण्यांत, चित्रफितींत आणि बाजारातल्या बाहुल्यांत उतरला. मार्च २००९ पर्यंत परदेशी वृत्तपत्रांनी त्याच्यावर लिहिले. आय वेवे या कलावंताने त्याला आपल्या कामात आणले. आज चीनमधल्या सेन्सॉरशिपवर अभ्यास करणारा कुणीही त्या प्राण्याला वगळू शकत नाही. त्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही गंभीर संपादकाने ती नोंद काढून टाकली असती, आणि खोटी माहिती म्हणून ती काढणे योग्यच होते. पण ती खोटी नोंद कुणी, कधी, कशासाठी केली आणि पुढे काय झाले, ही खरी नोंद आहे. पोरखेळ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली असती, तर एका मोठ्या देशातले लोक मनातले कसे बोलत होते याचा एक दस्तऐवज गेला असता.

दुसरे उदाहरण नोव्हेंबर २०२० चे. सिचुआन प्रांतातल्या लिथांग परगण्यात एका छायाचित्रकाराने दिंग झन या तिबेटी तरुणाची दहा सेकंदांहूनही कमी वेळाची चित्रफीत टाकली. तो हसत चालत आला, एवढेच तिच्यात होते. काही दिवसांत सरकारी पर्यटन कंपनीने त्याला नोकरी दिली, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या त्याची छायाचित्रे जगाला दाखवू लागल्या. तिबेटी प्रदेशाची कोणती प्रतिमा राज्यसंस्थेला हवी होती आणि ती तिने किती चपळाईने उचलली, हे त्या हसण्याभोवतीच्या घडामोडींतून कळते. नोंद लिहायची तर ती या घडामोडींची लिहावी. नुसत्या देखणेपणाची लिहिली तर ती जाहिरात ठरेल.

याच्या उलट बाजूचे उदाहरण निंगबो शहरातले. २०१० च्या सुरुवातीला तिथल्या रस्त्यावर फिरणाऱ्या एका बेघर, मानसिकदृष्ट्या आजारी माणसाचे छायाचित्र पसरले. त्याचे विस्कटलेले कपडे लोकांना फॅशन वाटले. कॅमेरे त्याच्या मागे लागले, तो घाबरून गेला. छायाचित्रावरून घरच्यांनी त्याला ओळखले आणि गावी नेले, हे खरे. पण त्याआधी एका आजारी माणसाच्या अवस्थेची देशभर मौज झाली होती. या पुस्तकातल्या नोंदीत त्याचे नाव नाही. घटनेची तारीख आहे, शहर आहे, प्रसारमाध्यमांनी काय केले ते आहे. त्याचे नाव छापल्याने वाचकाच्या ज्ञानात काही भर पडत नाही, आणि त्याच्या वाट्याला मात्र ती आठवण कायमची येते.

हाच विचार आपल्या लातूर जिल्ह्यात आणला की तो अधिक अवघड होतो. जुलै २०२५ च्या सुरुवातीला अहमदपूर तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकरी जोडप्याची चित्रफीत देशभर फिरली. बैलजोडी नाही, ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही, म्हणून म्हातारा स्वतः औताला जुंपलेला आणि मागे म्हातारी. दोन-तीन दिवसांत सगळ्या वाहिन्या तिथे पोहोचल्या. एका हिंदी अभिनेत्याने बैल पाठवतो म्हणून जाहीर केले, मंत्र्यांनी कर्जाची दखल घेतली, राज्याबाहेरूनही मदत आली. मग देश दुसऱ्या चित्रफितीकडे गेला. ही क्षणिक प्रसिद्धी कोशात यावी का? यावी, असे माझे ठाम मत आहे. आणि ती त्या जोडप्याच्या चरित्राच्या रूपात येऊ नये, हेही तितकेच ठाम मत आहे. तिची जागा मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीच्या नोंदीत आहे. वाटण्या होत होत दोन-चार एकरांवर आलेली जमीन, सांभाळायला न परवडणारी जनावरे, पेरणीच्या तोंडावर लागणारा रोख पैसा, गावच्या सोसायटीचे थकलेले कर्ज, शहरात गेलेली मुले: हे सगळे आकडेवारीच्या अहवालांत वर्षानुवर्षे होते आणि कुणी वाचत नव्हते. त्या चित्राने ते चार दिवस सगळ्यांना वाचायला लावले. सरकार अहवालाला न हलता चित्रफितीला हलते, ही या काळातल्या राज्यकारभाराविषयीची महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती नोंदवलीच पाहिजे. मदत एका घराला मिळाली आणि तशाच अवस्थेतल्या शेजारच्या घरांना मिळाली नाही, हेही त्याच नोंदीत हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि मला तो बाकीच्या सर्वांहून वजनदार वाटतो. मंत्र्याचे नाव कोशात, अभिनेत्याचे नाव कोशात, आणि ज्याच्या खांद्यावर जू होते तो मात्र ‘एक वृद्ध शेतकरी’? गरिबाला निनावी ठेवण्याची ही जुनीच रीत नव्या सभ्यतेच्या नावाने चालवायची का? या आक्षेपाला साधे उत्तर नाही. मराठीतला पहिला मोठा चरित्रग्रंथ, म्हाइंभटांनी लिहिलेले चक्रधरस्वामींचे लीळाचरित्र, याबाबतीत फार उदार आहे. गोदाकाठच्या गावांतली साधी माणसे, बायका, कारागीर त्यात नावानिशी भेटतात. पण त्या माणसांच्या आठवणी म्हाइंभटांनी त्यांच्याकडे किंवा त्यांना ओळखणाऱ्यांकडे जाऊन विचारून घेतल्या होत्या. चित्रफितीतल्या माणसाला बहुधा कुणी विचारलेले नसते. चित्रीकरण दुसऱ्याचे, मथळा तिसऱ्याचा, पैसा चौथ्याचा. म्हणून निर्णय त्या माणसाचा असावा. तो स्वतः बोलत असेल, आपले नाव घेऊन आपली कैफियत मांडत असेल, तर त्याचे नाव मानाने यावे. तो गप्प असेल, तर त्याचे मौन मोडण्याचा अधिकार कोशकाराला नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो मंत्र्यांइतकाच औत ओढणाऱ्याचाही आहे.

राजकारण्याच्या बाबतीत ही अडचण येत नाही. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीतून फोनवर काढलेले झाडी, डोंगार आणि हाटेलाचे उद्गार महाराष्ट्रभर घुमले. ते सार्वजनिक पदावरचे गृहस्थ, प्रसंग सत्तांतराचा. स्वतंत्र नोंदीची तरीही गरज नाही. त्या वर्षीच्या राजकीय पेचप्रसंगाच्या नोंदीत त्याला दोन वाक्ये पुरतात.

लातूरने क्षणिक राष्ट्रीय प्रसिद्धी याआधीही पाहिली आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. ‘जलदूत’ म्हणून तिची छायाचित्रे देशभर गाजली. पावसाळा आला आणि देश ती विसरला. कुणी म्हणेल ही इंटरनेटची प्रसिद्धी नव्हे, प्रशासनाची घटना आहे. पण देशाला दिसले ते तिचे छायाचित्रच. त्यामागचा मांजरा धरणाचा कोरडा तळ, उसाखालचे क्षेत्र, शहराची वाढ हे दिसायला लेख लिहावे लागले. ते लेख बहुतांशी मराठीत, स्थानिक दैनिकांत आले, आणि इथे विश्वासार्ह स्रोताच्या नियमाची एक उणीव उघडी पडते. लातूरचे ‘एकमत’, नांदेडचे ‘प्रजावाणी’ यांसारख्या दैनिकांचे जुने अंक घरबसल्या सहज शोधता येत नाहीत. इंग्रजी वृत्तपत्राची चार ओळींची बातमी मात्र क्षणात सापडते. परिणामी जे दिल्ली-मुंबईच्या नजरेत आले तेच उल्लेखनीय ठरते, आणि जे फक्त मराठवाड्याने पाहिले ते कोशाच्या दाराबाहेर राहते. नियम चुकीचा नाही. स्रोत जपण्याचे आपले काम अपुरे आहे.

शेवटचा आक्षेप काळाचा. दहा वर्षे थांबा, टिकेल ते लिहा. इतिहासकाराला हे बोलणे शोभते, पण ते पुरावा टिकून राहील असे गृहीत धरते. १९९९ मध्ये हायनान बेटावरून सुरू झालेला ‘तियान्या’ हा चिनी चर्चामंच सुमारे दोन दशके त्या देशाच्या सार्वजनिक बोलण्याचे मोठे ठिकाण होता. २०२३ च्या उन्हाळ्यापूर्वी तो बंद पडला आणि त्यावरचे लिखाण लोकांच्या हाताबाहेर गेले. विकिपीडिया तर एप्रिल २०१९ पासून चीनमध्ये सर्व भाषांत अडवलेला आहे, म्हणजे बाहेरच्यांनी केलेली नोंद खुद्द तिथल्या माणसाला वाचता येत नाही. टिकटॉकचे आपल्याकडे काय झाले ते वर आलेच आहे. ताडपत्र शतके टिकते, ताम्रपट त्याहून अधिक. कंपनीच्या मालकीचा पडदा एका आदेशाने जातो. म्हाइंभटांनीही थांबून पाहिले नाही. चक्रधरांच्या प्रयाणानंतर थोड्याच वर्षांत, साक्षीदार हयात असतानाच, त्यांनी गावोगाव फिरून आठवणी गोळा केल्या, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या. मूल्यमापन पुढच्यांनी करावे, साक्ष मात्र आत्ताच घ्यावी लागते. या पुस्तकातल्या नोंदींचा दावाही तेवढाच आहे. त्यांतल्या काही वीस वर्षांनी अनावश्यक ठरतील आणि तेव्हा त्या खुशाल काढाव्यात. न लिहिलेली नोंद मात्र तेव्हा कुणालाही लिहिता येणार नाही.

लातूर-नांदेडकडच्या वाचकांना, विशेषतः महाविद्यालयांतल्या मुलामुलींना, एक विनंती आहे. तुमच्या गावाची एखादी चित्रफीत गाजली तर ती पुढे पाठवण्याआधी तिची तारीख, जागा आणि ती पहिल्यांदा कुणी टाकली हे लिहून ठेवा. स्थानिक दैनिकाचा त्या दिवसाचा अंक रद्दीत घालू नका. ज्याची चित्रफीत आहे त्याच्याशी बोला, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत टिपून घ्या आणि नाव घालू का हे त्याला विचारा. मग मराठी विकिपीडियावर जा आणि घटनेची नोंद लिहा. या पुस्तकातल्या नोंदींत तारखेची किंवा तपशिलाची चूक आढळली, तर पुराव्यासह कळवा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त केली जाईल.